तीनदा काढून लावल्याशिवाय

काकाजी, तुमची पिशवी परत आली. समुद्रपूरच्या बसमधून तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा ती सीटखालीच राहून गेली होती. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी कंडक्टरने आणून दिली. तो आत आला नाही. दारातच उभा राहून काकूंना म्हणाला, "यायनं माह्या पोराचं कम्प्युटर सुरू करून देल्लं होतं," आणि गेला. मी तोपर्यंत पुण्याहून येऊन पोचले होते. काकूंनी पिशवी उघडलीच नाही, माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "तुलेच माईत, यात काय काय असते तं."

सगळं जागेवर होतं. दोन स्क्रू ड्रायव्हर, रंगवायचा एक इंची ब्रश, चिमटा, गुंडाळलेल्या चपट्या तारा, जुन्या बनियनचं फडकं. तळाशी पांढरा खोडरबर, झिजून बोराएवढा झालेला. माझ्या कंपासपेटीतून तुम्ही एकदा मागून घेतला होता, तो हाच की नंतरचा कुठला, ते ओळखता आलं नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही मला ते वाचून दाखवायला लावाल.

तुम्ही आमचे नात्याने कोणी नव्हतात. पिपरी मेघेत आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचात. कचेऱ्यांमधले टाइपरायटर दुरुस्त करण्यात तुमची पंचवीस वर्षं गेली होती. मग कचेऱ्यांमध्ये टाइपरायटरवर धूळ बसायला लागली आणि शेजारच्या टेबलावर कम्प्युटर आला. पन्नाशीत तुम्ही भंगारातला एक कम्प्युटर घरी आणला, महिनाभर तो उघडून बसलात, आणि पुन्हा जोडलात. मी सहावीत असताना बाबांनी कापडाच्या दुकानाच्या हिशेबासाठी म्हणून नागपूरच्या एका ऑफिसचा जुना कम्प्युटर आणला. तो आठ दिवसांत बंद पडला, तेव्हा आईने तुम्हाला बोलावलं.

मी घरी आलेल्या माणसापुढे पाण्याचा ग्लास ठेवून आत पळणारी मुलगी होते. शाळेत इंग्रजीत बोलावं लागायचं म्हणून बोलायचे नाही, आणि घरी सवय राहिली नव्हती म्हणून. तुम्ही ग्लास घेतलात आणि स्क्रीनकडे बोट दाखवलंत.

"हे काय म्हणून राह्यलं, पाह्य वं, मॅडम."

तुम्हाला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. टाइपरायटरच्या खिळ्यांमुळे प्रत्येक अक्षराशी तुमची ओळख होती. सगळ्यात आधी 'ई' झिजतो आणि 'झेड' वर्षानुवर्षं नवा राहतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. पण ती अक्षरं ओळीने उभी राहिली की तुम्ही माझ्याकडे बघायचात. मी हळूच वाचलं, की कीबोर्ड सापडत नाही असं लिहिलंय, आणि पुढे जायला एफ-वन दाबा म्हणतंय.

"कीबोर्ड नाई म्हणते, आन् कीबोर्डच दाबाले सांगते? याच्या घरी शहाणं माणूस नाई काय कोणी?"

मी हसले. तुम्ही मागे वाकून कीबोर्डची पिन काढलीत, फुंकर मारलीत, पुन्हा खोचलीत. सुरू झालं. "पाह्यलं? लिहिलेलं सगळं खरं नसते, मॅडम."

"मग लिहितात कशाला?" मी म्हणाले. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. परक्या माणसाला मी उलट प्रश्न विचारल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही. मी म्हणायचे, मशीन स्वतः सांगतंय ना काय बिघडलं ते, मग तेच खरं. तुम्ही म्हणायचात, दुखणेकरी माणूस पोट दुखते म्हणते, पण डॉक्टर नाडी पाह्यते. तुम्ही कॅबिनेटला कान लावायचात. आत डिस्क फिरते आहे का, पंखा अडखळतो आहे का, सुरू होताना एकदा वाजलं की तीनदा. मला तेव्हा ते थोडं नाटकी वाटायचं. शाळेत आम्हाला छापील गोष्टीवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. कान लावायला कोणी शिकवलं नव्हतं.

उन्हाळ्यात तर तुमची फेरी ठरलेली. कूलरचं तोंड मशीनकडे असलं की तुम्ही आधी कूलर फिरवायचात आणि मग चप्पल काढायचात. त्या ओलसर हवेने आतल्या मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात काळे पडायचे, आणि मशीन नुसतंच ओरडायचं, स्क्रीन काळी. मग पट्टी काढायची, खोडरबरने दात घासायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा बसवायची. नाही झालं, तर पुन्हा काढायची. तुमचा नियम होता, आणि तो तुम्ही टाइपरायटरच्या दिवसांपासून पाळत होतात: तीनदा काढून लावल्याशिवाय कोणाले मेलं म्हणू नये. पहिल्यांदा धूळ निघते, म्हणायचात, दुसऱ्यांदा आपली घाई निघते.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मंग जे असन थे समजते."

एका दसऱ्याला आईने कम्प्युटरची पूजा केली. बाबांच्या दुकानातल्या कात्रीची, गजाची आणि गल्ल्याची होते तशीच. कॅबिनेटवर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि वरून अक्षता. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी आत जाईना. तुम्ही दरवर्षीप्रमाणे दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेला होतात. त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी परतलात ते पुस्तकांनी भरलेली पिशवी घेऊन, आणि तसेच आमच्याकडे आलात. चिमट्याने फ्लॉपीच्या फटीतून एकेक तांदूळ काढून आईच्या तळहातावर ठेवत गेलात.

"वहिनी, मशीनले भूक लागली होती काय?"

"देवाचं आहे भाऊ, हसू नका."

"हसून नाई राह्यलो. पण आतमंधी गरम राह्यते. अजून दोन दिवस थांबले असते तं भात शिजला असता."

आई रागावली, मग हसली, मग तुम्हाला जेवायला वाढलं. पुढच्या दसऱ्याला तिने मशीनवर आधी घडी घातलेला टॉवेल टाकला आणि टॉवेलची पूजा केली. तुम्ही ते अर्ध्या पिपरीला सांगितलंत.

मी आठवीत गेले तेव्हा आईला विचारून तुम्ही मला रविवारी बरोबर न्यायला लागलात. लुनाच्या मागच्या सीटवर मी, मांडीवर ही पिशवी. लोकांच्या घरी तुम्ही खाली बसून कॅबिनेट उघडायचात आणि मी उभी राहून स्क्रीन वाचायचे. वाचायचे म्हणजे तुमच्या कानाशी पुटपुटायचे. घरातल्या माणसांशी बोलायची वेळ आली की तुमच्या मागे सरकायचे. "हे माही मॅडम," तुम्ही सांगायचात. "फी लय कमी घेते. गुळपापडीची एक वडी."

आणि मग गुरुजींच्या घरचा तो रविवार. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून आता बोलते.

बोरगाव मेघेतले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांनी आपल्या जन्मगावाचा इतिहास कम्प्युटरवर लिहायला घेतला होता. गावातल्या म्हाताऱ्यांना भेटून, विहिरी कोणी खणल्या, शाळा कोणाच्या गोठ्यात भरायची, असं सगळं. दोन वर्षांचं काम त्या डिस्कवर होतं, आणि दुसरीकडे कुठे उतरवून ठेवायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खोलीत गुरुजी होते, त्यांचा मुलगा होता, सून होती, शेजारचे दोघे होते. मी नववीत होते.

तुम्ही कॅबिनेट उघडलंत, कान लावलात, आणि म्हणालात, "डिस्क फिरून राह्यली, गुरुजी. जिवंत हाय. तारेत काही तरी असन. थांबा, काढून लावतो."

स्क्रीनवर ओळ आली होती. मी ती वाचली आणि का कोण जाणे, या वेळी पुटपुटले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही. हार्ड डिस्क फेल झाली आहे. स्पष्ट लिहिलंय."

मुलाने वाकून वाचलं. "हो, तसंच आहे," तो म्हणाला. तुमच्याकडे बघून त्याने विचारलं, "तुम्हाला वाचता येत नाही का?"

तार तुमच्या हातात होती. एकदाच काढून लावलीत. ओळ तीच. मी म्हणाले, "बघा." काकाजी, मी 'बघा' म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पळून जावंसं वाटलं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलंत. मग तार खाली ठेवलीत. म्हणालात, "मॅडम म्हणते तं तसंच असन. नवी डिस्क आणू."

दोन दिवसांनी तुम्ही नवी डिस्क आणि तिच्यासोबत नवी तार घेऊन गेलात. मीही होते. मशीन सुरू झालं. मला वाटलं, माझं बरोबर निघालं. गुरुजी रिकाम्या स्क्रीनपुढे बसून राहिले होते, ते मला बघवलं नाही, पण त्याहीखाली मला बरं वाटत होतं. हेही आज लिहून ठेवते.

त्यानंतर तुम्ही मला बरोबर नेलं नाहीत. "दहावी येऊन राह्यली तुही, अभ्यास कर," म्हणालात. मॅडम म्हणणंही बंद झालं. मला वाटलं, तुम्ही रागावलात. चार माणसांत मी तुमचं अज्ञान उघडं पाडलं, आणि ते तुम्हाला लागलं. खूपदा माफी मागावीशी वाटली. पण बरोबर असल्याबद्दल माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. नागपूरला शिकायला गेले, मग पुण्याला नोकरीला. सुट्टीत आले की तुम्ही फाटकाशी थांबून विचारायचात, "काय म्हणते पुणं?" मी म्हणायचे, "बरं आहे." मागच्या दिवाळीत तुम्ही लुनाची किक मारता मारता थांबलात आणि म्हणालात, "तिथं बोलतं ना वं लोकायशी?" मी म्हणाले, "दिवसभर तेच काम आहे." तुम्ही मान डोलावलीत. खूश दिसलात. त्यात खूश होण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही.

माझी नोकरी तुम्हाला नीट कधी सांगितलीच नाही. मी एका कंपनीत फोनवर बसते. कुठून कुठून लोक फोन करतात, त्यांचं मशीन बंद असतं, ते घाबरलेले असतात, आणि मी त्यांना पहिला प्रश्न विचारते: स्क्रीनवर काय लिहिलंय?

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दूर गेटपर्यंत बसली होती. त्रिशरण-पंचशील झालं. मग एकेकाने उठून दोन शब्द सांगितले. सगळ्यांच्या दोन शब्दांत एक तरी बंद पडलेला कम्प्युटर होता. गुरुजी बोलायला उठले नाहीत. जेवणं सुरू झाल्यावर काठी टेकत माझ्यापाशी आले. त्यांना आता कमी दिसतं, तरी मला ओळखलं.

"बाळ, माझं पुस्तक छापून आलं. तुला तुझ्या काकाजीने दिलं का?"

मला समजेना. मी म्हणाले, "पुन्हा लिहिलंत तुम्ही सगळं?"

"पुन्हा कशाला? होतं तेच." मग ते थांबले. "म्हणजे त्याने तुला सांगितलं नाहीच. शब्द पाळला म्हणायचा."

त्यांनी सांगितलं ते असं. नवी डिस्क बसवून आपण परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे त्यांच्याकडे गेलात. जुनी डिस्क तुम्ही घरी नेली होती. दुसऱ्या तारेने जोडली, तर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तार आतून तुटली होती, बाहेरून दिसत नव्हतं. तुम्ही ती डिस्क नव्या डिस्कच्या शेजारी बसवून दिलीत. दोन वर्षांचं सगळं काम जसंच्या तसं. गुरुजींचा मुलगा म्हणाला, म्हणजे ती मुलगी चुकली होती तर. आणि तुम्ही त्याला म्हणालात, तिले हे सांगू नका.

"मी विचारलं, काऊन बा?" गुरुजी म्हणाले. "तर म्हणे, गुरुजी, थे पोरगी आत्ता कुठं बोलाले लागली. चार माणसांत पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं. आता चुकली म्हणाल, तं पुन्हा मिटन थे. डिस्क काय, दुसरी भेटते."

मी ताट हातात धरून उभी होते. वरण गार होत होतं.

"मी म्हटलं, अरे पण लोक तुला अडाणी समजतील. तर म्हणे, समजतेतच. आजचं हाय काय थे."

मला वाटायचं, तुम्ही मला बरोबर नेणं बंद केलंत ते रागाने. गुरुजींच्या घरी मी पुन्हा गेले असते, तर शेजारी शेजारी बसवलेल्या दोन डिस्क मला दिसल्या असत्या. तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तुम्ही मला नेलंच नाहीत. त्या रविवारानंतर मी वर्गात हात वर करायला लागले होते, काकाजी. बाईंनी आईला बोलावून कौतुक केलं होतं. तुम्हीही ऐकलं असेल. आई कुठलीच गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवायची नाही.

आठ वर्षं माझ्याजवळ एक माफी होती, आणि ती चुकीच्या गोष्टीची होती. खरी कोणती मागायची ते मला तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी समजलं. आता ती कोणाकडे मागू? गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिलेबी घे म्हणाले. तुम्हाला आवडायची म्हणून केली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काकूंनी हाक मारली. "थे मशीन पाह्यतं का वं जरा? ते गेल्यापासून सुरूच नाई होऊन राह्यली." तुमचा भंगारातून आणलेला कम्प्युटर, टेबलावर, खिडकीच्या उजेडात. तुमच्या लेकीच्या, चंद्रपूरच्या ताईच्या, मुलीचे सगळे फोटो तुम्ही त्यात ठेवले होते. तुम्ही तिला मांडीवर घेऊन कीबोर्ड बडवू देताय, तो एक काकूंना हवा होता. तुमचे फोटो फारसे नाहीतच. नेहमी पाठमोरे, कुठल्यातरी मशीनमागे.

मी बटण दाबलं. स्क्रीनवर ओळ आली. तीच ओळ, गुरुजींच्या घरची, अक्षरशः तीच.

"काय लिहून हाय?" काकूंनी विचारलं.

मी वाचून दाखवली नाही. तुमची पिशवी उघडली, स्क्रू काढले, ब्रशने धूळ झाडली. डिस्कवर तळहात ठेवला. थंड होती. कान लावला. पंखा ऐकू येत होता, आणि त्याखाली काही नव्हतं. तार काढली, पुसली, लावली. ओळ तीच. पिशवीतली दुसरी तार काढली, विजेची पिनही बदलून दुसरी खोचली, सावकाश, घाई न करता. पुन्हा कान लावला. पत्रा गालाला गार लागत होता. काही फिरत नव्हतं.

लिहिलेलं आणि ऐकू आलेलं, दोन्ही त्या दुपारी एकच सांगत होतं. इतक्या वर्षांत आपलं दोघांचं एकमत झालं ते हे पहिल्यांदा. आणि मला ते नको होतं.

"मेली काय वं?" काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता, माझ्यासाठी आणलेला.

"दोनदाच लावून पाहिली, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचा नियम त्यांनी माझ्याहून जास्त वर्षं ऐकला होता. कप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मंग राहू दे आज. दिवाळीले येशीन तवा लावजो."

मी झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले, वर तुमचं बनियनचं फडकं टाकलं. पिशवी माझ्याबरोबर आणली आहे. पुण्यात टेबलाखाली, पायाशी आहे. आज सकाळी एका माणसाचा फोन आला. तो म्हणाला, स्क्रीनवर लिहिलंय की डिस्क गेली. मी त्याला म्हटलं, लिहिलेलं राहू द्या. आधी मशीनला कान लावा आणि मला सांगा, आत काही फिरतंय का? तो कान लावायला गेला. तो परत येईपर्यंत मी फोन धरून बसले होते.

तिसऱ्यांदा लावायची अजून बाकी आहे, काकाजी.